जुनं पावडर कोटिंग घरी कसं काढायचं

मित्राने दिलेल्या जुन्या येझदी मोटरसायकलचा स्विंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, गच्चीवर पहिल्यांदा उलटा ठेवला, तेव्हा एका कोपऱ्यात काळा पोपडा सुटलेला दिसला. नखाने ओढला तर तळहाताएवढा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीसारखा अलगद निघून आला. खाली लालभडक गंज. मी खूश! म्हटलं, हे तर तासाभराचं काम. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पातळ करायच्या थिनरची बाटली, चिंध्या आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. अर्ध्या तासाने हात पांढरेफटक पडले होते, डोकं ठणकत होतं आणि उरलेलं कोटिंग जिथल्या तिथे होतं. उलट थिनरने पुसल्यामुळे जास्तच चकाकत होतं.

आधीच्या मालकाने कुठेतरी गंजावरच पावडर मारून घेतली होती. जिथे खाली गंज होता तिथे ती सुटली, जिथे लोखंड स्वच्छ होतं तिथे घट्ट धरून बसली. घरी कोटिंग काढायला बसणारे बहुतेक जण त्या पहिल्या सुटलेल्या पोपड्याला असेच फसतात. पुढचं सगळं त्या आठवड्यात आणि नंतरच्या दोन-तीन कामांत शिकलेलं आहे.

थिनर का चालत नाही

ऑइल पेंट किंवा एनसी रंग म्हणजे द्रवात विरघळवलेला रंग. पावडर कोटिंगची गोष्टच निराळी. पॉलिएस्टर, इपॉक्सी किंवा दोघांच्या मिश्रणाची कोरडी पावडर विजेचा भार देऊन पार्टवर चिकटवतात आणि मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा मिनिटं भाजतात. भट्टीत ती आधी वितळते आणि मग तिचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसंच. थिनरला विरघळवण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं. शिवाय थर ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा, आणि रबरासारखा थोडा लवचिक. म्हणून घासलं तरी तो सहज झिजत नाही.

त्यामुळे घरी तीनच मार्ग उरतात. रिमूव्हर लावून थर फुगवायचा, ग्राइंडरने खरवडायचा, किंवा उष्णतेने मऊ करून उचलायचा. चौथा मार्ग घराबाहेरचा, ब्लास्टिंगवाल्याकडे, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून थर उडवणाऱ्याकडे, नेऊन देण्याचा. कित्येकदा तोच शहाणपणाचा ठरतो, त्याबद्दल पुढे.

मुळात काढायची गरज आहे का?

बाल्कनीतल्या लोखंडी खुर्चीचा नुसता रंग बदलायचा असेल आणि कोटिंग कुठे सुटलेलं नसेल, तर ते काढू नका. २४० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळी चमक मारा, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, वर इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्या. घट्ट बसलेलं जुनं कोटिंग हा उत्तम पाया असतो. दोन दिवस खपून तो उपटायचा आणि मग त्याच्याहून कमकुवत प्रायमर मारायचा, यात काय हशील?

थर खालून गंजला असेल, फोड आले असतील, वेल्डिंग करायचं असेल किंवा नव्याने पावडर मारायची असेल, तर मात्र काढावाच लागतो.

आधी दोन परीक्षा

पहिली परीक्षा रंगाची. पांढऱ्या चिंधीवर थिनर घेऊन एकाच जागी दाबून पंचवीस-तीस वेळा मागेपुढे घासा. चिंधीवर भरपूर रंग उतरला तर तो साधा रंग आहे, थिनरनेच निघेल, हा लेख इथेच बंद करा. चिंधी जवळपास स्वच्छ राहिली तर पावडर कोटिंग समजा. गाड्यांवरचा हार्डनर घातलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंगही या परीक्षेत टिकतो, पण तो काढायची रीत साधारण हीच असल्याने फारसं बिघडत नाही.

दुसरी परीक्षा धातूची, आणि ही चुकवू नका. लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला आणि पार्ट हाताला हलका लागला तर ॲल्युमिनियम. चिकटतो आहे, पण कानशीने एका लपलेल्या जागी खरवडल्यावर राखाडी, मऊसर थर दिसतो, तर लोखंडावर जस्ताचा मुलामा आहे. गेटचे पाइप, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड अशा वस्तूंत हा बऱ्याचदा सापडतो.

ही परीक्षा एवढी महत्त्वाची का? काही जण कोटिंग काढायला कॉस्टिक सोडा वापरतात, पण ॲल्युमिनियम आणि जस्त त्यात विरघळतात आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. ॲलॉय व्हील रात्रभर कॉस्टिकच्या पाण्यात ठेवून सकाळी काळा, खडबडीत, भोकं पडलेला ऐवज बाहेर काढलेला माणूस माझ्या ओळखीत आहे. आणि व्हील म्हणजे काही शोभेची वस्तू नाही, त्यावर आपण बसतो.

आणखी एक गोष्ट, गाडीवाल्यांसाठी. फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर कुठे आहे ते आधी शोधा आणि त्यावर जाड चिकटपट्टी लावून ठेवा. तिथे ग्राइंडर फिरवायचा नाही, कानस नाही, पेपरही नाही. त्या चार बोटं जागेत रिमूव्हर आणि पितळी ब्रश, बस. आकडा घासला गेला तर आरटीओत ‘कोटिंग काढत होतो’ हे सांगून कुणाचं समाधान होत नाही.

रिमूव्हर

दुकानात ‘पेंट रिमूव्हर’ मागितलं की बहुधा जो डबा हातात पडतो त्यात मेथिलीन क्लोराइड असतं. डायक्लोरोमिथेन हे त्याचंच दुसरं नाव आणि रसायनांच्या बाजारात त्याला एमडीसी म्हणतात. पावडर कोटिंगवर ते जादूसारखं चालतं, हे खरं. लावल्यावर काही मिनिटांत थराला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात आणि पोपडा उभा राहतो.

पण नवख्या माणसाने ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते साधारण ४० अंशांना उकळतं. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलेल्या डब्यात ते जवळजवळ उकळतच असतं. वाफ हवेपेक्षा जवळपास तिप्पट जड, त्यामुळे ती खाली साचते. बाथरूम, पार्किंगचं तळघर, जिन्याखालची खोली या जागा तिच्यासाठी विहिरी ठरतात. श्वासातून शरीरात गेलं की त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांना धोका आणखी मोठा. गोडसर वास यायला लागतो तोवर हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं. साध्या कापडी किंवा एन-९५ मास्कमधून ही वाफ सरळ आरपार जाते, आणि डॉक्टरी पातळ हातमोजेही ती काही मिनिटांत ओलांडते. बंद बाथरूममध्ये टबचा रंग काढताना या रसायनाने माणसं मेली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना एमडीसी असलेलं रिमूव्हर विकायला बंदी घातली, ती अशा मृत्यूंमुळेच. एकदा मी उघड्या गच्चीवर, पण कठड्याच्या आडोशाला बसून ते वापरलं. वीस मिनिटांत उठताना तोल गेला. तेव्हापासून मी त्याच्या वाटेला गेलेलो नाही.

त्याऐवजी बेंझिल अल्कोहोल असलेलं रिमूव्हर मागवा. डब्यावरचा घटकांचा तक्ता वाचूनच घ्या, पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. हे हळू चालतं. काही तास, कधी रात्रभर. पण वाफ कमी आणि आपल्याकडची उष्णता याला मानवते. काहींत फॉर्मिक ॲसिड मिसळलेलं असतं. ती इपॉक्सीवर चांगली चालतात, पण कातडी भाजतात आणि जस्ताला खातात. ॲल्युमिनियमवर लावायचं असेल तर चालतं की नाही ते डब्यावर बघा.

आता प्रत्यक्ष काम.

१. पार्ट पूर्ण सुटा करा. बेअरिंग, बुश, रबर, ऑइल सील, प्लास्टिक, सगळं बाहेर. स्टिकर खरवडून टाका. ग्रीस आधी डिझेलने आणि मग भांडी घासायच्या साबणाने धुवा. ग्रीसवर रिमूव्हर लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२. थर फाडून घ्या. ही पायरी सगळे गाळतात आणि मग ‘रिमूव्हर बोगस आहे’ म्हणतात. ४० किंवा ६० नंबरच्या पेपरने, नाहीतर करवतीच्या तुटक्या पात्याच्या टोकाने, कोटिंगवर आडवे-उभे चरे ओढा, अगदी धातू दिसेपर्यंत. रिमूव्हर वरून आत शिरायला फार वेळ घेतं, चऱ्यांतून मात्र ते थराच्या पोटात शिरतं. स्विंग आर्मची एक बाजू मी चरे मारून आणि दुसरी तशीच ठेवून पाहिली होती. सकाळी चरे मारलेली बाजू पुट्टीच्या पत्तीने केळीच्या सालीसारखी सोलली. दुसऱ्या बाजूला नुसती जागोजागी फुगवटी आली होती.

३. जागा मांडा. गच्ची किंवा अंगण, वाऱ्याच्या दिशेला पाठ. खाली जाड प्लास्टिक, त्यावर जुनी वर्तमानपत्रं. रिमूव्हर ओतायला स्टीलची वाटी किंवा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. प्लास्टिकच्या मगाचा आणि थर्माकोलच्या कपाचा चिखल होतो. ब्रश लाकडी दांड्याचा, खऱ्या केसांचा. जाड, लांब बाह्यांचे रासायनिक कामाचे हातमोजे, डोळ्यांना चारही बाजूंनी बंद गॉगल, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. बादलीभर स्वच्छ पाणी हाताशी. डबा उन्हात राहिला असेल तर आत दाब असतो. झाकणावर ओली चिंधी धरून, तोंड बाजूला करून, हळूहळू उघडा.

४. जाड थापा, आणि एकाच दिशेने. रंगासारखं पुढे-मागे फिरवू नका. रिमूव्हरमध्ये बहुधा मेण असतं, ते वर येऊन साय धरतं आणि खालचं औषध सुकू देत नाही. ब्रश पुन्हा फिरवलात की ती साय मोडते.

५. प्लास्टिकने गुंडाळा. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म किंवा दुधाच्या पिशव्या कापून. हवा राहू देऊ नका. मग हात लावायचा नाही. दर अर्ध्या तासाला उचलून बघायची खुमखुमी आवरा. मुलं आणि मांजर यांचा बंदोबस्त करून झोपायला जा.

६. सोला. पुट्टीच्या पत्तीचे कोपरे आधी कानशीने गोल करून घ्या, नाहीतर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. सपाट भाग सोपा असतो. वेळ जातो तो वेल्डिंगच्या शिवणीत, नळ्यांच्या सांध्यांत आणि आट्यांत. तिथे पितळी ब्रश आणि बांबूची टोकदार काडी. पितळ अशासाठी, की पोलादी तारांचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर तिथे गंजाचे ठिपके येतात.

७. उरलेल्या जागी पुन्हा पायरी दोनपासून सुरू करा. एका फेरीत सगळं निघत नाही. माझ्या स्विंग आर्मला तीन फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत बहुतेक भाग निघाला आणि शेवटच्या चार-पाच बोटं जागेने पुढचे दोन दिवस खाल्ले.

८. धुवा. मेणाचा अंश राहिला तर नवा रंग धरत नाही. आधी थिनरच्या चिंधीने पुसा, मग साबणाच्या पाण्याने, मग स्वच्छ पाण्याने, आणि लगेच कोरडं करा.

कातडीवर थेंब पडला तर ‘जळजळ थांबेल’ म्हणून वाट बघू नका. मोजा काढून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. मोज्याच्या आत थेंब अडकला तर उघड्या कातडीपेक्षा जास्त भाजतं. डोळ्यात गेलं तर तेवढाच वेळ पाणी आणि मग थेट डॉक्टर.

ग्राइंडर

लोखंडाच्या जाड, सपाट पार्टला ग्राइंडर हाच जलद उपाय आहे. प्रश्न कोणती चकती लावायची हा. लोक सवयीने फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती, चढवतात. ती कोटिंगबरोबर धातूही खाते. सायकलच्या नळीची भिंत एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते. तिथे फ्लॅप डिस्क दोन वेळा जास्त फिरली की काय उरलं ते देवालाच ठाऊक. तारेची वाटी लावाल तर कोटिंग तापून वितळल्यासारखं होतं आणि च्युइंगगमसारखं पसरतं. वर सुटलेल्या तारा बंदुकीच्या छऱ्यासारख्या उडतात. माझ्या जाड पँटमधून एक मांडीत शिरली होती.

या कामाला स्ट्रिप डिस्क घ्या. काळ्या किंवा जांभळ्या रंगाची, काथ्याच्या जाळीसारखी दिसणारी. ती कोटिंग खाते आणि लोखंडाला जवळजवळ धक्का लावत नाही. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. चकतीवर छापलेले जास्तीत जास्त फेरे तुमच्या ग्राइंडरपेक्षा जास्त असायलाच हवेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो आणि ड्रिल मशीनसाठी बनवलेली स्वस्त चकती त्यावर फुटते. दाब देऊ नका, चकतीच्या वजनानेच काम होऊ द्या आणि सतत हलवत राहा. एका जागी थांबलात की थर वितळून चकतीला चिकटतो.

गार्ड काढायचा नाही, दोन्ही हात मशीनवर. ओढणी, मफलर, सैल बाही, गळ्यातली माळ, काहीही लोंबतं ठेवू नका. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड आणि खाली एन-९५. पिवळ्या, केशरी, लाल रंगाच्या जुन्या कोटिंगबाबत जास्त सावध राहा. अशा रंगांत शिशाचा क्रोमेट वापरला जायचा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरतीच. कारखान्यातून रंगून आलेल्या यंत्राच्या भागाला ती लागू नाही. असा रंग असेल तर ग्राइंडर नको, रिमूव्हरनेच काढा. ओल्या थराची धूळ उडत नाही.

आवाजाचंही बघा. दुपारी दोन ते चार ग्राइंडर चालवलात तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. माझ्याकडे आल्या होत्या. बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या जिन्यात उभ्या राहिल्या. पुरेसं होतं.

उष्णता, कॉस्टिक आणि गोवऱ्या

हीट गनने छोट्या, जाड, सपाट लोखंडी पट्ट्यांवरचं कोटिंग मऊ करून पत्तीने उचलता येतं. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. थर काळा पडून धूर निघू लागला की तुम्ही जास्त तापवताय. दोन्ही टोकं बंद असलेली नळी, शॉक ॲब्सॉर्बर, गॅस भरलेली दांडी यांना उष्णता द्यायची नाही, ती फुटतात. ॲल्युमिनियमचा मजबुतीसाठी भाजून घेतलेला पार्ट जास्त तापला की मऊ पडतो आणि वरून काहीच दिसत नाही. व्हील, फूटरेस्ट, ब्रेकचा कोणताही भाग असेल तर हीट गन विसरा.

काही जण पार्ट गोवऱ्यांच्या नाहीतर लाकडांच्या आगीत टाकतात. निघतं, नाही असं नाही. कारखान्यांतही पार्ट लटकवायचे आकडे ४०० अंशांच्या आसपास भट्टीत जाळूनच साफ करतात, पण तिथे हवा मोजून सोडतात आणि निघालेला धूरही जाळला जातो. अंगणात पत्रा वाकतो, नळी पिळवटते आणि तो धूर शेजारच्यांच्या घरात जातो. जस्ताच्या मुलाम्याचा पार्ट आगीत टाकलात तर त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरू शकतो.

गरम कॉस्टिक सोडा पॉलिएस्टरच्या थरावर चालतो, इपॉक्सीवर फारसा नाही. थंड पाण्यात त्याला फारच वेळ लागतो, आणि घरात गरम कॉस्टिकचं पातेलं ही कल्पना मी कुणालाच सुचवणार नाही. व्हिनेगर, लिंबू, कोकाकोला यांचा इथे काही उपयोग नाही. ते गंजासाठी.

बाहेर कधी द्यायचं

पूर्ण फ्रेम, नक्षीचं गेट, जाळीच्या खुर्च्या, म्हणजे जिथे सांधे आणि कोपरे जास्त, ते सरळ ब्लास्टिंगला द्या. पावडरचा थर लवचिक असल्याने त्यावर कण आपटून उसळतात. म्हणून साध्या रंगापेक्षा याला जास्त वेळ लागतो आणि ब्लास्टिंगवाला जास्त पैसे मागतो. तो लुबाडत नाही. घरी पोपडे सोलून, फक्त चिकट राहिलेलं तेवढं त्याच्याकडे नेलंत तर दोघांचाही वेळ वाचतो. पातळ पत्रा असेल तर दाब कमी ठेवायला सांगा, ॲल्युमिनियम असेल तर काचेचे मणी वापरतात का ते विचारा. साध्या वाळूने उघड्यावर ब्लास्टिंग करणारा असेल तर त्याच्या शेजारी उभं राहू नका. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते.

उघड्या लोखंडाचं काय

काम संपलं असं वाटतं तिथे खरी घाई सुरू होते. उघडं लोखंड पावसाळ्यात काही तासांतच तांबूस होतं, कोकणात तर त्याहूनही लवकर. म्हणून संध्याकाळपर्यंत प्रायमर मारता येईल तेवढंच सकाळी धुवायला काढा. रंग मारायचा असेल तर लोखंडाला इपॉक्सी प्रायमर, बजेट कमी असेल तर रेड ऑक्साइड. ॲल्युमिनियमला आणि जस्ताला रेड ऑक्साइड चालत नाही, त्यांना एचिंग प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा. जस्तावर ऑइल पेंट थेट मारलात तर रंगातल्या तेलाचा जस्ताशी साबण होतो आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर त्या दिवशी रंगाचा डबा उघडू नका. त्या दिवशी धुवायलाही काढू नका.

पुन्हा पावडरच मारून घ्यायची असेल तर मात्र साधा प्रायमर अजिबात मारायचा नाही, तो भट्टीत करपतो. खड्डे भरायला गाड्यांची नेहमीची पुट्टीही नको, तिचे फोड येतात. पार्ट उघडाच न्या. चांगल्या पावडर कोटिंगवाल्याकडे ‘सेव्हन टँक’ आहे का ते विचारा. म्हणजे तेल काढणं, धुणं, गंज काढणं, फॉस्फेट चढवणं वगैरे सात हौद. ‘पुसून मारतो’ असं उत्तर आलं तर पार्ट उचला आणि चालू लागा. माझ्या येझदीच्या आधीच्या मालकाला मिळालेलं उत्तर बहुधा हेच असावं. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकायला स्वतः सांगा. नंतर आट्यांतून पावडर काढणं म्हणजे हा सगळा लेख पहिल्यापासून.

सोललेले पोपडे, चिकट वर्तमानपत्रं आणि चिंध्या मोरीत किंवा गटारात टाकू नका, शेकोटीत तर मुळीच नाही. एमडीसी लागलेलं काहीही जळलं तर फॉस्जीनसारखे विषारी वायू निघू शकतात. सगळं पत्र्याच्या उघड्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, गच्चीवर पूर्ण सुकू द्या. मग झाकण लावून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे त्याच गटात होते.

स्विंग आर्म शेवटी जुलैमध्ये कोरा झाला. राखाडी, एकसारखा, वेल्डिंगची शिवण स्वच्छ दिसणारा. कोटिंगवाल्याकडे सकाळी न्यायचा होता म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून घरात ठेवला. ठेवण्याआधी मोजे काढून एकदा कौतुकाने हात फिरवला. सकाळी कागद उघडला तर मधोमध माझी चार बोटं गंजात उमटलेली, रेषान् रेषा दिसत होती. १२० चा पेपर घेऊन पुन्हा बसलो, या वेळी मोजे घालून.